नांगराची साखळी व दोर

नांगराची साखळी व दोर ही होडी आणि तिचा नांगर यांना जोडणारी साधने आहेत. रात्रीच्या मुक्कामात वारा फिरला वा भरती चढली, तरी होडी जागेवर राहणे यांच्यावर अवलंबून असते.

निवड

जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी साखळी जड असल्याने तळाशी पडून राहते. त्यामुळे नांगरावरील ओढ आडवी राहून तो रुततो. खडकाळ तळावर ती सहसा झिजून तुटत नाही. नायलॉनचा दोर हलका असून ताणला जातो व लाटांचे हिसके सोसतो. मात्र खडकावर तो कापला जातो. म्हणून लहान होड्यांवर नांगराजवळ काही मीटर साखळी व पुढे दोर वापरतात. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगून पंख्यात अडकू शकतो, म्हणून तो टाळतात.

लांबी

पाण्याची खोली, अपेक्षित भरती व नाळेची पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करतात. सामान्य हवामानात संपूर्ण साखळी असल्यास तिच्या सुमारे ५ पट, तर साखळी व दोर असल्यास सुमारे ७ पट लांबी सोडतात. खोली ४ मीटर, भरती ३ मीटर व नाळ १ मीटर असल्यास हे अंतर अनुक्रमे ४० व ५६ मीटर होते. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी केवळ दिसणाऱ्या खोलीवरून लांबी ठरवल्यास मध्यरात्रीच्या भरतीत ती अपुरी पडून नांगर उपटला जाऊ शकतो.