जे पचत नाही, तेच राखतं

ज्वारीच्या भाकरीतलं पिष्ट बहुतेक लहान आतड्यातच पचतं. तंतुमय भाग मात्र आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक द्रव्य तयार होतं. नवल इथूनच सुरू होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सुमारे ७० टक्के ऊर्जा याच ब्युटिरेटपासून मिळवतात!

प्रयोगशाळेत त्याहून अजब गोष्ट दिसली. निरोगी पेशी ब्युटिरेट जाळून टाकते. कर्करोगाची पेशी साखरेला चटावलेली असते. न जाळलेलं ब्युटिरेट तिच्या केंद्रकात साचतं आणि तिची वाढ रोखतं. एकच द्रव्य, एकीला अन्न, दुसरीला लगाम.

आहार बदलला तर फरक पडायला किती दिवस लागतात? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २० आफ्रिकी-अमेरिकी आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोकांनी आपापल्या आहारांची अदलाबदल केली. अमेरिकी गटाला रोज ५५ ग्रॅम तंतू मिळू लागले. दोनच आठवड्यांत त्यांच्या आतड्यातलं ब्युटिरेट अडीचपट झालं, दाह उतरला. दुसऱ्या गटात नेमकं उलट घडलं.

आपल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंद ठेवली जाते. तिथे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईपेक्षा कमी आढळतं. त्याचं सगळं श्रेय भाकरीला देता येणार नाही. वजन, बैठं काम, दारू, तंबाखू, प्रक्रिया केलेलं मांस यांचाही वाटा असतो. पण छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या घरांनी ज्वारी हुरडा पार्टीपुरती ठेवू नये, एवढं नक्की.

आजार झाल्यावरही हालचालीचा उपयोग होतो. २०२५ साली ८८९ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी ९० टक्के हयात होते. फक्त माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी ८३ टक्के.

भाकरी, उसळ, पालेभाजी आणि रोजचं झपझप चालणं उपचारांची जागा घेत नाही. शौचातून रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून घरी काढे पीत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय उस्मानपुऱ्यापासून फार लांब नाही.