मित्सुबा : सावलींत वाढणारी जपानी भाजी

पुष्कळ घरांच्या मागील अंगास अशी एखादी जागा असते कीं, जेथें ऊन म्हणून सहसा पडत नाहीं. भिंतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या सावलीमुळें तेथील माती सदा ओलसर राहते. मिरची, वांगें, कोथिंबीर यांपैकीं कांहींही लावलें तरी तें नीट फोफावत नाहीं. आपल्याकडे अशा ठिकाणीं मोरीच्या पाण्यावर अळू लावण्याची वहिवाट आहे. जपानांत अशाच कोपऱ्यांत एक सुगंधी पालेभाजी लावतात. तिचें नांव मित्सुबा. इंग्रजींत तिला जपानी पार्सली असें म्हणतात.

जपानी भाषेंत मित्सु म्हणजे तीन व हा म्हणजे पान. दोन शब्द जोडले जातांना 'हा'चा 'बा' होतो. संधीचे नियम पाठ करविण्याचा छळ एकट्या संस्कृतानेंच मांडला आहे असें ज्या विद्यार्थ्यांस वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. लांब, सडपातळ देंठाच्या टोकास दंतुर कडांच्या तीन पर्णिका असतात, म्हणून हें नांव. झाड फूट-दीड फूट उंच होतें व उन्हाळ्यांत त्यास अगदीं बारीक पांढरीं फुलें येतात. धणे, जिरें, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर व हिंग हीं ज्या कुळांतलीं, त्याच कुळांतली ही भाजी आहे. इस्राएल लोकांस रानांत मिळालेला मान्ना धण्यासारखा होता असें निर्गमाच्या पुस्तकांत सांगितलें आहे. तेव्हां पवित्र शास्त्राच्या वाचकांस हें कूळ अगदींच परकें नाहीं.

या वनस्पतीच्या आयुष्यांतील मौज तिच्या प्रकाशाशीं असलेल्या नात्यांत आहे. धणे आपण भरडून मातींत पुरतों आणि ते उगवतात. मित्सुबाचें बीं मात्र खोल पुरलें तर उगवत नाहीं. त्यास अंकुर फुटण्याकरितां उजेड लागतो. म्हणून जपानी लोक बीं एक रात्र पाण्यांत भिजवून ओळींत पसरतात, वरून जेमतेम झांकेल इतकीच माती भुरभुरतात व हातानें हलकेच दाबतात. पाणी बारीक छिद्रांच्या झारीनें द्यावें लागतें, नाहींतर बीं वाहून जातें. पेरणीचे हंगाम दोन : एप्रिल-मे किंवा सप्टेंबर. हवा सुमारें २० अंश असली म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब दिसूं लागतात. उतावळ्या माळ्यानें या अवधींत वाफा उकरून पाहूं नये.

पण उजेडानें उगवलेलें हेंच रोप पुढें उन्हास भितें! कडक उन्हांत त्याचीं पानें पिवळसर व राठ होतात आणि सुगंध उणावतो. मूळचें तें रानांतील झाडांखालच्या ओलाव्यांत वाढणारें असल्यामुळें सावली, पालापाचोळ्याचें खत आणि कधीं न सुकणारी माती एवढेंच तें मागतें. दाट उगवलेलीं रोपें उपटून विरळ करावीं. तींही वायां जात नाहींत, त्यांची कोंवळी भाजी होते. सुमारें दोन महिन्यांनीं देंठ वीतभर झाले म्हणजे मुळाशीं दीड इंच राखून कापावे. पुन्हां फूट येते.

तिसरी गोष्ट अंधाराची. एदो काळापासून (१६०३–१८६८) जपानांत हिची लागवड होत आली आहे. तेथील शेतकऱ्यांनीं या एकाच भाजीचे बाजारांत तीन प्रकार केले. पहिला हिरव्या देंठांचा, साधा. दुसऱ्यासाठीं वर्षभर मुळें पोसावयाचीं, थंडीनें पानें करपलीं कीं तीं मुळें खणून उबदार, काळोख्या जागीं दाटीनें मांडावयाचीं. उजेड नाहीं म्हणून हरितद्रव्य तयार होत नाहीं, आणि मुळांत सांठविलेल्या अन्नावर लांब, पांढरे, कोंवळे देंठ वर येतात. तिसऱ्या प्रकारांत मुळें शेतांतच ठेवून हिवाळ्यांत त्यांवर मातीची भर घालतात व वसंताच्या आरंभीं मुळांसकट भाजी काढतात. तीं मुळेंही परतून खातात. तोकियोच्या बाजूस पांढरे देंठ अधिक आवडीचे, तर ओसाका-क्योतोकडे हिरवे.

आज बाजारांत येणारी बहुतेक मित्सुबा मातीविना, पाण्यांत वाढविलेली असते व तिच्या मुळाशीं स्पंजाचा तुकडा असतो. काटकसरी गृहिणी वरचे देंठ कापून तोच तुकडा कुंडींत लावते. नवीं पानें येतात. बियांची यातायात न करितां पुष्कळांच्या बागेचा आरंभ असाच होतो.

हिचा वास कोथिंबिरीहून सौम्य असून तो उष्णतेनें लवकर उडतो. यास्तव ती शिजवीत नाहींत. चुलीवरून उतरतांना वर घालतात. निवळ सारांत, वाटींत वाफविलेल्या अंड्याच्या चवानमुशींत आणि तोकियोकडील नववर्षाच्या ओझोनी नांवाच्या सारांत ती असते. मंगल प्रसंगीं लांब देंठांची नाजूक गांठ मारून ती वाडग्यांत सोडतात.

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. इंग्रजींत जपानी पार्सली या नांवानें सेरी ही दुसरी भाजीही ओळखली जाते. ती पाणथळ जागीं वाढते व ७ जानेवारीस खावयाच्या सात पाल्यांच्या पेजेंत पडते. तिच्याच शेजारीं दोकुझेरी, म्हणजे विषारी सेरी, उगवते. हिची जाड मुळी आंतून वेळूसारखी पोकळ व पेरांची असते आणि तिला सेरीचा सुगंध नसतो; पण दिसण्यांतील साम्यामुळें ती खाऊन माणसें दगावलीं आहेत. इसवी सनापूर्वीं ३९९ मध्यें सॉक्रेटिसास जो पेला प्यावा लागला, त्यांतील विषही याच कुळांतील एका वनस्पतीचें होतें. धण्याजिऱ्याचे आप्त म्हणून रानांतील प्रत्येक छत्राकार फुलाच्या झाडाची पानें तोंडांत घालणें मुलांनीं कटाक्षानें टाळावें.

मित्सुबाच्या पानांवर हिरव्या-काळ्या पट्ट्यांची अळी पुष्कळदां आढळते. आपल्याकडे लिंबाच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखराच्या भाऊबंदांपैकींच ती एक आहे. दोन-चार पानें गेलीं तरी तिला राहूं द्यावें असें माझें मत आहे. पाकशास्त्र जाणणाऱ्या माउलींचें मत निराळें असूं शकेल.

आपल्याकडील उन्हाळा हिला मानवणारा नाहीं. कोणास बीं मिळालेंच, तर पावसाळा सरल्यावर, उत्तरेकडील भिंतीच्या आडोशास कुंडींत पेरून पाहावें. फुलांचे दांडे दिसूं लागले कीं खुडावे, म्हणजे पाला कोंवळा राहतो. एक झाड मात्र बियांसाठीं सोडावें व तें बीं फार दिवस ठेवूं नये. जुनें झाल्यावर त्याची उगवण कमी होते.