भिंतीची किंमत, चौकाची किंमत

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतसारख्या गावातले एखादे घर कुणी तारण म्हणून दाखवले, तर बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर काय लिहील हे मी न पाहता सांगू शकतो. बँकेत असे अहवाल वाचण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली. भिंती कुडाच्या, छप्पर कौलारू, क्षेत्रफळ इतके, घसारा इतका. मग शेवटी एक वाक्य : जमीन आदिवासी खातेदाराची असल्यामुळे कलेक्टरच्या परवानगीवाचून बिगर आदिवासीला विकता येत नाही, सबब बाजार मर्यादित. अहवाल अगदी निर्दोष! फक्त त्याच भिंतीवर सवाशिणींनी लग्नासाठी तांदळाच्या पिठाने चौक लिहिला असेल, तर त्यासाठी छापील फॉर्मात रकाना नसतो.

रकाना का नाही, असे विचारण्याची वेळ आता आली आहे. कारण कायद्याने बुद्धीच्या मालमत्तेला केव्हाच मालमत्ता मानले आहे. बँकांच्या थकीत वसुलीसाठी 2002 साली झालेल्या सरफेसी कायद्यात ‘मालमत्ता’ या शब्दात पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, एवढेच काय तांत्रिक ज्ञानही येते. 2017 च्या नियमांनी नोंदणीकृत व्हॅल्युअरांचे तीन वर्ग केले : जमीन व इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता. डोळ्यांना न दिसणारी मालमत्ता तिसऱ्या वर्गाच्या वाट्याला आली. बँकेच्या ओळखीचा व्हॅल्युअर मात्र बहुधा पहिल्या वर्गातला, म्हणजे टेप घेऊन येणारा इंजिनिअर. त्याला हे काम जमेल का?

हिशेबाची रीत त्याला परकी नाही. घराची किंमत तीन वाटांनी निघते : बांधायला किती लागेल, शेजारचे कितीला गेले आणि भाडे किती येते. नाममुद्रेचेही तसेच. उभी करायला किती खर्च आला, तशीच दुसरी कितीला विकली गेली आणि भाड्याच्या जागी रॉयल्टी किती मिळेल. सूत्र महिन्याभरात शिकता येते. अडचण सूत्राची नाहीच.

अडचण कुठे आहे ते किंगफिशर एअरलाइन्सने दाखवून दिले. या विमान कंपनीच्या नाममुद्रेची किंमत एका नामांकित सल्लागार कंपनीने चार हजार कोटींच्या वर काढली होती आणि बँकांनी ती तारणात धरली. ऑक्टोबर 2012 मध्ये विमाने जमिनीवर आली. एप्रिल 2016 मध्ये बँकांनी नाममुद्रांचा लिलाव पुकारला. राखीव किंमत 366 कोटी 70 लाख. एकही बोली आली नाही. त्याच कंपनीची विलेपार्ल्याची इमारत 2016 साली 150 कोटींना मांडली होती, ती अखेर 2021 मध्ये 52 कोटींना गेली. पडेल भावाने का होईना, गेली! उडणे थांबलेल्या विमानाचे नाव मात्र कुणाला नको होते. इमारत मालक बुडाला तरी उभी राहते. नाव धंद्याच्या श्वासावर जगते.

याच्या अगदी उलट गोष्ट वारली चित्रांची. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी ही कला शहरापुढे आणली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 साली ‘वारली पेंटिंग’ची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली. म्हणजे मालमत्ता कायदेशीर आणि जिवंतही. तरी ती तारणाला चालत नाही, कारण 1999 च्या भौगोलिक निर्देशन कायद्याचे कलम 24 सांगते की हा हक्क विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. तो साऱ्या समाजाचा आहे, आणि हे बंधन योग्यच आहे.

म्हणून किंमत शून्य? नव्हे. गहाणाची किंमत आणि मोल यांत फरक आहे. इथे एकाच भिंतीवर तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. ‘वारली’ हे नाव समाजाचे. एखाद्या कलावंताने काढलेले स्वतंत्र चित्र त्याचे. त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे त्यावर कॉपीराइट. आणि चौकातली पालघाट देवी, तारप्याचा फेर, ही परंपरा कायद्याच्या हिशेबी कुणाचीच नाही. उद्या एखाद्या कारखान्याने कलावंताचे चित्र उचलून कोटी रुपयांच्या चादरी विकल्या आणि पाच टक्के रॉयल्टी धरली, तर त्याचे पाच लाख होतात. हा आकडा मागायला कलावंताच्या हातात कागद लागतो. तो कागद व्हॅल्युअरनेच लिहायचा असतो. न लिहिल्यास शहाणा गिऱ्हाईक पाचशे रुपये हातावर टेकवून चित्र घेऊन जातो.

मीही कादंबऱ्या लिहितो. माझ्या पुस्तकांचे हक्क तारण ठेवून कुणी कर्ज मागितले असते, तर बँकेतल्या खुर्चीवरून मीच नकार दिला असता. पण नकार देणे वेगळे आणि मोजायलाच नकार देणे वेगळे.

जमिनीचा व्हॅल्युअर सातबारा पाहिल्याशिवाय टेप काढत नाही. तीच सवय त्याने इथे आणावी. हक्क कुणाचा, किती वर्षांचा, दुसऱ्याला अडवता येते का, मालक बुडाल्यावर मागे काय उरते, हे आधी लिहावे आणि आकडा नंतर. किंगफिशरच्या बाबतीत आकडा आधी आला; वारलीच्या बाबतीत तो आलाच नाही. दोन्हीकडे राहून गेला तो सातबारा.