वाडा उतरवण्याचा दिवस

सकाळी सहा. मे महिन्यात जुन्या नाशकात काम उन्हाआधीच सुरू करावं लागतं. तिवंध्याजवळच्या या बोळात क्रेन शिरत नाही. पहारी, छिन्न्या, दोरखंड आणि साखळीची कप्पी, एवढ्यावर वाडा उतरवायचा. घाईनं पाडला तर तुळया मधोमध मोडतात. हातानं सोडवला तर दिवस जास्त लागतात, पण लाकूड अख्खं निघतं.

सात. वरून सुरुवात. कौलं, रिपा, वासे, मग माळवदाची माती टोपल्यांनी खाली.

नऊ. आता खरं काम. प्रत्येक खांबावर, तुळईवर, हस्तावर खडूनं लिहितो : पूर्वेची पडवी, तिसरा खांब, तोंड चौकाकडे. या सांध्यांत खिळा नाही. खांबाच्या डोक्यावरचं कुसू वरच्या लाकडाच्या भोकात बसतं आणि भारानंच घट्ट राहतं. भार उलट्या क्रमानं काढत गेलं की सांधा सुटतो. मधेच पहार घातली की कुसू तुटतं, आणि मग त्या खांबाच्या फळ्याच होतात. तुळईची भिंतीतली टोकं ओलीनं गेलेली असतात, मधला गाभा मात्र खणखणीत. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणूनच जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यानं मुंबईच्या गोदीत त्याची लढाऊ जहाजं बांधली. 1815 साली तिथे बांधून झालेलं ‘वेलस्ली’ 1940 मध्ये थेम्स नदीत जर्मन बॉम्बनं बुडालं. पुढे ते मोडलं, तेव्हा त्याचं काही लाकूड लंडनच्या न्यायालयाच्या पुनर्बांधणीत लागलं. सव्वाशे वर्षं पाण्यात राहिलेला साग वाया गेला नाही. आमचा तर छपराखाली होता.

साडेअकरा. घरातल्या काकू येतात. “दादा, देवघराची चौकट तेवढी कापू नका हो. मुलाच्या फ्लॅटमध्ये बसवणार आहे.” चौकट वेगळी काढून गोणपाटात बांधतो. अशी मागणी आली की हाताला हुरूप येतो.

दोन. व्यापारी येतात. कोरीव खांब, गणेशपट्टी, महिरपी लगेच उचलल्या जातात, हॉटेलांसाठी, फार्महाउससाठी. जोडीतले खांब वेगवेगळ्या गावी जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

चार. साधा माल वखारीत. करवतीखाली देण्याआधी जुने घडीव खिळे एकेक उपसावे लागतात, नाहीतर पातं जातं. वरचा करडा थर निघाला की आत सोनेरी साग, वास अजून ताजा.

सहा. वहीत मापं उतरवतो. सराफ बाजारातला सरकारवाडा संरक्षित आहे. बाकीच्या वाड्यांचं दप्तर कुणीच ठेवत नाही.

तुमच्या वाड्याला धोकादायक म्हणून नोटीस आली असेल, तर ठेकेदाराआधी एखाद्या वास्तुविशारदाला बोलवा. फोटो काढा, मापं घ्या, खांबांना क्रमांक घाला. आणि विकायचंच झालं, तर एका चौकाचं लाकूड एकाच घरी द्या.