पेट्रोलच्या वाफेचा पिवळा दिवा

कल्याण-बदलापूर रस्त्यावर अंबरनाथला टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा! गाडी मात्र झकास पळते. अशा वेळी पहिला संशय पेट्रोलच्या वाफेवर घ्यावा. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती इंजिनात ओढली जाऊन जळते.

आधी टाकीचे झाकण पाहा. रबराला चीर आहे का? कटकट वाजेपर्यंत आवळले होते का? ते घट्ट केल्यावरही दिवा विझायला काही फेऱ्या लागतात. मग स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचावा. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ लहान, पी०४४३ पर्ज व्हॉल्व्हचे सर्किट. (गळती मोजायची सोय प्रत्येक गाडीत नसते.) नुसता कोड वाचून थेट पार्ट बदलणारा मेकॅनिक मला पटत नाही. व्हॉल्व्ह काढून, वायर न जोडता हातपंपाने हवा सोडावी. आरपार गेली तर तो उघडाच अडकला आहे. पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुरते, तीही त्याचीच खूण. नळीतली बारीक चीर धुराच्या चाचणीत सापडते.

पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर’साठी आणखी पेट्रोल कोंबू नका, ते कॅनिस्टरमध्ये उतरून डबा निकामी करू शकते. आणि दिवा लुकलुकू लागला, तर हा वाफेचा मामला नाही; गाडी बाजूला घ्या.