जुनी जीप, नवे इंजिन

गाळप हंगाम आटोपला की आम्ही चार-पाच जण आपापल्या जुन्या जिपा घेऊन एका वस्तीवर जमतो. कुणी दुसऱ्याची गाडी चालवून बघतो, कुणी पान्यांची पेटी उघडून बसतो. चहा गार होतो तो वेगळाच.

विलीज जीप मुळात दुसऱ्या महायुद्धातली. पेट्रोल इंजिन, ताकद 60 अश्वशक्ती. पेट्रोल परवडेना म्हणून पुष्कळांनी ते काढून डिझेल इंजिन चढवले. आम्हीही चढवले. ते वजनाला जड, म्हणून पुढचे पाटे बदलले, माउंटिंग नव्याने वेल्ड केले. सगळे झाले, पण आरसी बुकात नोंद करायची तेवढी राहिली! पुढे गाडी ठोकली, तेव्हा इंजिन नंबर जुळत नाही म्हणून विम्याचा दावा परत आला. चूक आमचीच, रागावणार कुणावर?

टायरचेही तसेच. 28 इंचाच्या जागी 31 इंची घातले की गाडी दिसते झकास. पण मीटर 60 दाखवतो तेव्हा ती खरी 66 ने पळत असते, आणि ब्रेक मात्र जुनेच.

जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ बनावटीशी विसंगत फेरफार चालणार नाही, असे बजावले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने मालकाला दर फेरफारामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्या इंधनाचे इंजिन बसवायचे तर आरटीओची मंजुरी आधी घ्यावी.

आमची जीप सध्या शेडातच उभी आहे. अर्ज दिलाय.