जुने इंजिन : दुरुस्ती की बदल?

बुऱ्हाणपूरच्या परिसरात वर्षानुवर्षे केळी वाहणाऱ्या जुन्या डिझेल गाडीचे इंजिन बसले, की घरची मिळकतच थांबते. अशा वेळी घाईने नवे इंजिन घेऊ नये, असे आम्हांस वाटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. रिंगा व लायनर झिजले, की हा दाब घटतो आणि थंडीत गाडी सुरू होत नाही. दोष एवढाच असेल, तर इंजिन पुन्हा बांधता येते. ब्लॉकच फुटला असेल, तर बदलणे बरे. मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्यास परिवहन कार्यालयाची संमती घेऊन नवा क्रमांक नोंदवावा. इंजिन तापून बिघडले असेल, तर आधी रेडिएटर पाहावा. नाहीतर नव्याचीही तीच गत!